वाढव म्हणावं

“ताई, उद्या नको. सासूबाईंनी बाल्कनीत पापड वाळत घातलेत.”

काचेवर सुकलेलं साबणपाणी पुसायचं नसतं. आधी ते पुन्हा ओलं करायचं.

अडीचच्या हातात सव्वादोनची बांगडी जात नाही. घालणारीला ते आधी कळतं, घालून घेणारीला नंतर.

“कबुतराने एसीवर घरटं केलंय. पिल्लं उडेपर्यंत थांबाल का?”

मशीन रक्त बाहेर काढतं, धुतं आणि परत आत सोडतं.

“आई म्हणते, वाढवा.”

या

मी काचा पुसते. म्हणजे तेव्हा मी एकटीच पुसायचे, आता बरोबर आणखी बायका आहेत. नाशिकला एका एजन्सीत होते, ती सोडून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळली. काच पुसणं सोपं आहे, वेळ ठरवणं अवघड. माणूस फोनवर हो म्हणतो आणि मी बादली, वायपर, फडकी घेऊन दारात उभी राहिले की म्हणतो, अहो, आज तर आमच्याकडे सत्यनारायण.

मग मी एक पद्धत काढली. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना एकच निरोप टाकायचा. ‘उद्या सकाळी काचांना येते. पडदे बांधून ठेवा, कुंड्या सरकवा. उत्तरात एकच शब्द पाठवा. या किंवा नको.’

माणसांना एक शब्द पुरत नाही. ‘या, पण चपला बाहेर.’ ‘नको, आमचं भांडण चालू आहे.’ हे खरंच आलं होतं. तरी पद्धत चालली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी टिकल्या चिकटवायचे. लाल टिकली म्हणजे येणार, हिरवी म्हणजे अजून उत्तर नाही.

काळी टिकली फक्त एका घरासाठी होती.

“काचांचं काम करणाऱ्या शैला मुठाळ का?”

“हो, बोला.”

“मी नंदकिशोर कासार. पुण्यात असतो. आई नाशिकला असते, म्हसरूळला, नवव्या मजल्यावर. तिच्या खिडक्या… तिला बाहेरचं स्वच्छ दिसलं पाहिजे. दुसरं काही फारसं करता येत नाही तिला आता.”

“घरी कधी असतात त्या?”

“नेहमीच असते. मंगळवार, शुक्रवार सोडून. डायलिसिस असतं. त्या दिवशी जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळीही नको, फार थकते. आणि निरोप मला पाठवा. तिला मोबाइल जमत नाही. मी तिला विचारून कळवत जाईन.”

म्हणून काळ्या टिकल्या. मंगळवार, शुक्रवार. तिथे मी जायचं नाही.

या पण दम धरा, दार उघडायला वेळ लागतो

“काय ग, तुझ्या हातांना काय वाळीत टाकलंय?”

जिजींचं माझ्याशी पहिलं वाक्य हे. सगळे त्यांना जिजीच म्हणायचे, सांभाळायला ठेवलेल्या मावशीसुद्धा. मोठ्या सरकत्या काचेसमोर खुर्ची टाकून त्या बसलेल्या. मी बादली खाली ठेवली आणि माझ्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं.

“बांगड्या काचेला लागतात, जिजी. ओरखडे पडतात.”

“नवरा आहे ना?”

“आहे की. सिन्नरला. एमआयडीसीत.”

“मग बोलत नाही का तो?”

“तो म्हणतो, काच तुझी, हातही तुझे.”

जिजी हसल्या. तोंडात दात थोडे, पण हसणं दुकानदाराचं होतं, समोरच्याला बसवून घेणारं. त्यांनी माझा हात ओढून घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला, बोटं जुळवली आणि सोडला.

“सव्वादोन. काम करणारीचा हात आहे, पण हाड बारीक. तुला बांगडी भरताना मी गप्पा मारल्या असत्या. गप्पांत हात सैल पडतो.”

त्या कासारीण होत्या. येवल्याला पैठण्यांच्या दुकानांच्या रांगेत त्यांचं बांगड्यांचं दुकान. नवरा लवकर गेला, दुकान त्यांनी चालवलं, त्यावर मुलाला इंजिनियर केलं. उजव्या हातात त्या तपकिरी काचेच्या बांगड्या घालायच्या. “हिरव्या नाही घातल्या परत,” म्हणाल्या, “पण बांगड्या विकणारीचेच हात मोकळे दिसले तर गिऱ्हाईक काय म्हणेल?” डावा हात मात्र पूर्ण रिकामा. कोपराखाली शीर दोरखंडासारखी फुगलेली.

“इथे हात लाव.”

मी लावला. आत घूं घूं चाललेलं.

“मधमाशी पाळली आहे,” जिजी म्हणाल्या. “डॉक्टरने शिरा जोडल्या तेव्हापासून. या हातावर बांगडी नाही, दोरा नाही, घड्याळ नाही. उशाखाली घ्यायचा नाही. सुनेलाही इतकं जपलं नाही.”

मी काचा पुसत राहिले. बाहेरून बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग होते, पाइप लावून कुणीतरी झाडं धुतली असणार. त्यामागे चामर लेण्यांचा डोंगर. जिजी बोलत होत्या, मध्येच थांबत होत्या. थांबणं वाढत गेलं.

“खुर्चीत बसवतात,” त्या म्हणाल्या. “सुई टोचतात. समोर टीव्ही. बाजूला एक जण असतो, तो दर वेळी विचारतो, आज काय भाजी खाल्ली? त्याला पालक बंद आहे, म्हणून दुसऱ्यांची ऐकतो. घरी आणतात तेव्हा मी पिळून टाकलेल्या लुगड्यासारखी. दुसऱ्या दिवशी जरा वाळते. पुरती वाळले नाही तोच पुन्हा भिजवायला नेतात.”

“बरं वाटेल हळूहळू.”

“किती वर्षं पुसतेस ग काचा?”

“बरीच झाली.”

“एकदा तरी कायमची स्वच्छ राहिली का?”

मी हसले. मला तो विनोद वाटला.

निघताना त्या म्हणाल्या, “नंदूला एक सांगायचंय. पुढच्या वेळी फोनवर आला की सांगणार आहे. चांगल्या शब्दांत सांगायला पाहिजे. पोराला वाईट वाटायला नको.”

वाढवा

नंदकिशोरांचा निरोप रविवारी आला. मी ठरल्याप्रमाणे विचारलं होतं, या आठवड्यात येऊ का. एका शब्दाच्या जागी हे आलं:

‘आईशी सविस्तर बोललो. आई म्हणते, वाढवा. डॉक्टरांचंही तेच मत होतं. डायलिसिस आता आठवड्यातून तीनदा करतोय. काचाही महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी करा. या.’

वाचून मला बरं वाटलं. जिजींनी मनावर घेतलं असं वाटलं. स्टुलावर चढून मी काळ्या टिकल्या हलवल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आणि मधले थकव्याचे दोन दिवसही. कॅलेंडरचा मधला पट्टा काळा झाला, काठ तेवढे मोकळे राहिले. शनिवारी दुपारी जाऊ शकत होते, नाहीतर रविवारी. रविवारी मी कामं घेत नसे, घरात सगळी माणसं असतात आणि प्रत्येकाला आपली काच आधी हवी असते.

शनिवार ठरला.

या, मी झोपलेली असेन, तुम्ही तुमचं करा

जिजी झोपल्या नव्हत्या. खुर्चीतच होत्या, पण खुर्ची मोठी दिसत होती.

“तू कशी आलीस परत?”

“म्हणजे काय, जिजी? पंधरा दिवसांनी यायचं ठरलंय ना.”

“कोणी ठरवलं?”

“तुम्हीच.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग मान वळवून काचेबाहेर. मावशी आत कुकर लावत होत्या.

खिडकीच्या कट्ट्यावर एक पत्र्याचा डबा होता. काच सरकते त्या चॅनेलमधली माती टूथब्रशने काढायची म्हणून मी तो उचलला. झाकण सैल होतं. आतली बांगड्यांची माळ घसरली आणि एक बांगडी फरशीवर पडली.

“अरे देवा! जिजी, फुटली ओ!”

“फुटली म्हणायचं नाही.”

आवाज एकदम दुकानातला होता. मी तुकडे गोळा करता करता थांबले.

“बांगडी फुटत नाही. वाढते. वाढली म्हणावं. एवढीशी होतीस तेव्हा कुणी शिकवलं नाही?”

“शिकवलं होतं. विसरले.”

“दिवा विझवत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. रात्री दुकान बंद करत नाहीत.” त्यांना दम लागला. “बंद म्हटलं की उद्या उघडेल की नाही कोण जाणे. दुकान वाढवायचं. आमच्या सासऱ्यांनी एका नोकराला याच्यावरून काढलं होतं. तो गिऱ्हाइकासमोर म्हणाला, चला, बंद करा.”

काचेचा तुकडा माझ्या हातात होता. आमच्या सिन्नरला कोपऱ्यावरचा किराणावाला काका लाकडी फळ्या लावताना हेच म्हणायचा, “चला, वाढवतो आता.” मला तो शब्द चांगला ओळखीचा होता.

“जिजी, नंदूभाऊंना तुम्ही फोनवर काय सांगितलंत?”

“काय सांगणार? त्याने विचारलं, आई, पुढे काय करायचं. मी म्हटलं, बाळा, फार झालं. वाढव आता.”

कुकरची शिट्टी झाली.

“त्यांना वाटलं…” मी म्हणाले आणि हातातला तुकडा डब्याच्या झाकणावर ठेवला.

“काय वाटलं?”

“जास्त करा, असं वाटलं.”

जिजींनी उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. त्या म्हणाल्या, “तरीच. तीन-तीनदा न्यायला लागले तेव्हा मला वाटलं, उरलेलं उरकून घेतायत. मी आपली मुकाट जातेय. म्हटलं, आता थोडंच राहिलंय.”

आणि त्यांना हसू आलं. मला नाही आलं.

“मी सांगू का त्यांना? आत्ता फोन लावते.”

“तू नको. हे परक्याने सांगायचं नसतं. पुढच्या रविवारी तो येणारेय. तूही ये. काचा पूस. कोणी घरात असलं की मला बोलायला बळ येतं. एकटीने कधी दुकान चालवलं नाही ग मी, समोर गिऱ्हाईक असायचंच.”

आज नको

हा शब्द त्या आठवड्यात मी पाठवला, जिजींकडे जायचं म्हणून. रविवारी एका नव्या गिऱ्हाइकाने बोलावलं होतं, मोठा बंगला, गंगापूर रोडचा. ‘आज नको जमणार, पुढच्या आठवड्यात येते.’ त्यांचं उत्तर आलं नाही. पुढेही कधी आलं नाही.

नंदकिशोर उंच होते, डोक्यावर केस कमी. घरच्या पायजम्यात जमिनीवर बसून आईची नखं कापत होते. खाली वर्तमानपत्र पसरलेलं. एक नख कापायचं, बोटाचं टोक फुंकायचं, मग दुसरं. इतक्या हळू मी कुणाला नखं कापताना पाहिलं नाही.

मी काचेला साबण लावला. पाठ त्यांच्याकडे होती. पण ओल्या काचेत खोली दिसते, जरा पुसट.

“पुण्याला पाऊस?”

“भुरभुर आहे.”

“तुझी पोरगी बोलत नाही फोनवर.”

“परीक्षा आहे, आई. हलवू नकोस हात.”

नेलकटरचा आवाज. मग काही नाही. मग पुन्हा.

“नंदू.”

“हं.”

“वाढव रे आता.”

मी वायपर वरून खाली ओढत होते. अर्ध्यात थांबले. पाणी घसरून माझ्या मनगटावर आलं.

“वाढवलंय ना आई,” नंदकिशोर म्हणाले. मान खालीच होती. “तीनदा केलंय आठवड्याला. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट सुधारतायत.”

काचेत मला जिजी दिसत होत्या. त्या खाली पाहत होत्या, मुलाच्या डोक्याकडे, जिथे केस विरळ झाले होते तिथे. मला वाटलं आता सांगतील. बाळा, तसं नाही, असं. मीही मनात शब्द जुळवून पाहिले.

त्यांनी बांगड्यांचा हात उचलला आणि मुलाच्या डोक्यावर ठेवला.

“हो का?” त्या म्हणाल्या. “बरं.”

“अंगठा दे.”

त्यांनी अंगठा दिला.

भाऊ, एक बोलायचं होतं

मी निघाले तेव्हा नंदकिशोर बादली धरून लिफ्टपर्यंत आले. मी नको म्हणाले तरी आले.

“भाऊ, एक बोलायचं होतं. जिजी जे म्हणतात ना, वाढव…”

“त्या मधल्या काचेवर डाग राहिलाय,” ते म्हणाले.

“तो आतून नाही. बाहेरून बोअरच्या पाण्याचा आहे. जुना झालाय.”

“निघेल?”

“थोडा पुसट होईल. पूर्ण नाही जायचा.”

“प्रयत्न करा.”

“भाऊ, त्या वाढव म्हणतात ते डायलिसिस जास्त करा म्हणून नाही. तुमच्या दुकानात म्हणायचे तसं. म्हणजे…”

लिफ्ट आली. दार उघडलं. त्यांनी बादली आत ठेवली, वायपर पडू नये म्हणून भिंतीला टेकवला.

“शैलाताई,” ते म्हणाले, “तुम्ही शनिवारचं नका चुकवू. तुम्ही आलात की ती जेवते.”

दार बंद झालं. खाली जाताना माझ्या मनात एकच होतं. हा माणूस पुण्यात राहिला, इंग्रजीत काम करतो, आईची भाषा याच्या हातून सुटली. कुणीतरी स्पष्ट शब्दांत लिहून पाठवायला हवं. संध्याकाळी मी तसा निरोप लिहिलासुद्धा. पाठवायच्या आधी जिजींना विचारावं म्हणून ठेवला.

नको

“नको,” जिजी म्हणाल्या.

“त्यांनी ऐकलं खरं, पण त्यांना कळलं नाही, जिजी.”

“त्याने ऐकलं.”

“पण…”

“त्याने ऐकलं ग.”

मी त्यांच्या पायाशी बसले होते. आता काच पुसून झाली की मी थोडा वेळ बसायचे. त्यांनी तो लिहिलेला निरोप माझ्याकडून वाचून घेतला होता, सबंध, आणि ‘उपचार थांबवा’ या शब्दांवर तोंड असं केलं होतं जसं काही कुणी त्यांच्या दुकानात चपला घालून गादीवर चढलंय.

“मग तुम्ही कशाला जाता? जाऊ नका. गाडी आली की नाही म्हणा.”

“दुकानात असं होतं,” त्या म्हणाल्या. थोडं थांबत, थोडं बोलत. “संध्याकाळ झाली. आपली कंबर मोडली. आपण म्हणतो, चला आता. पण गल्ल्यावरचा दारात उभा राहून रस्त्याकडे बघतोय. त्याला वाटतंय, अजून एखादं गिऱ्हाईक येईल. त्याला ओढून आत नेता येतं का? आपण आपलं बसायचं. दिवा चालू ठेवायचा.”

“कुठवर?”

“त्याच्या मनाने घेईपर्यंत.” त्यांनी माझा हात धरला, सवयीने अंगठ्याच्या मुळाशी दाबला. “नाहीतर तेल संपेपर्यंत.”

त्यानंतर त्या प्रत्येक सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी गेल्या. मावशी सांगायच्या, गाडी यायच्या आधीच केस विंचरून दाराशी बसतात. एकदाही नाही म्हणाल्या नाहीत. फोनवर मुलाने विचारलं, आई, कसं वाटतंय, तर म्हणायच्या, “वाढतंय रे हळूहळू.”

मी तो निरोप पुसून टाकला.

[उत्तर आलेलं नाही]

श्रावणातल्या एका शुक्रवारी जिजी मशीनवरच गेल्या. सुई हातात होती. शेजारचा तो पालक बंद असलेला माणूस त्यांना काहीतरी विचारत होता आणि त्याला वाटलं, डोळा लागला.

मला दोन दिवसांनी कळलं. नंदकिशोरांनी सगळ्यांना एकदम पाठवला असावा तसा निरोप होता. दूधवाला, गाडीवाला, औषधवाला, मी.

‘आई शुक्रवारी गेली. काम बंद करा. आजवर केलंत त्याबद्दल आभारी आहे.’

त्यांनी बंद असाच शब्द लिहिला होता.

मी ‘हो’ लिहिलं. मग पुसलं. मग काहीच पाठवलं नाही. स्टुलावर चढून काळ्या टिकल्या काढल्या. खालचा कागद गोल गोल पांढरा राहिला होता, उरलेला उन्हाने पिवळा पडलेला.

दहाव्याला मी येवल्याला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. कासार गल्लीत त्यांच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. शेजारच्या पैठणीच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने मला पाणी दिलं, बसवलं, आणि जिजींबद्दल, दुकानाबद्दल बोलत राहिला. नंदकिशोर पलीकडे माणसांत उभे होते. डोकं भादरलेलं. त्यांनी मला पाहिलं, हात जोडले. मीही जोडले.

येवल्याच्या त्या दुकानाला शटर नव्हतं, लाकडी फळ्या होत्या. त्या लावायचं काम शाळेत असल्यापासून पुण्याला जाईपर्यंत नंदूचं होतं. रोज दिवेलागणीनंतर जिजी गादीवरून हाक मारायच्या, “नंदू, वाढव रे आता,” आणि तो उठून एकेक फळी लावायचा.